कोरा ब्रश

नवऱ्याने संडासाच्या भांड्यात अर्धी बाटली कोल्ड्रिंक ओतलं, बाटली उलटी धरून शेवटचा थेंबही झटकला आणि कमरेवर हात ठेवून तो मागे सरला. बाई दाराशी उभ्या होत्या. तोंडात कोमट पाण्याची चूळ होती. गार पाणी तोंडात धरायचे दिवस केव्हाच सरले होते. बेसिन आत, नवराही आत, म्हणजे चूळ टाकायची पंचाईत. "थांब जरा," तो म्हणाला, "आत्ताच ओतलंय. दहा मिनिटं बसू दे." आणि मग, तीस वर्षं नळांच्या सांध्यांशी झटापट केलेल्या माणसाला शोभेल असा अधिकार आवाजात आणून त्याने ते भांड्यालाच सांगितल्यासारखं सांगितलं, "नुसतं घासून काही होत नाही बघ. लोक घासघास घासतात, हात मोडून घेतात. आधी हे ओतायचं, थर मऊ होऊ द्यायचा आणि मग ब्रश मारायचा. मऊ झाल्यावर खरवडून निघणारच, जाईल कुठं? आधी भिजवण, मग ब्रश." बाईंनी चूळ गिळली. चूळ गिळायची नसते हे त्यांना माहीत होतं, पण ती गिळली गेली, आणि तिच्यामागून काहीतरी वर आलं ते मात्र गिळता येईना. आधी भिजवण, मग ब्रश. वीस मोजेपर्यंत तोंडात धरायचं, थुंकायचं आणि लगेच ब्रश. एकोणीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. फरक एवढाच की भांडं वेगळं होतं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "काय?" "हेच. आधी मऊ करायचं ते." "अगं, यात माहीत काय असायचंय? गंजलेला नट अडकला की मी काय करतो? ओततो, थांबतो, घासतो. तुझ्याच कारखान्याचा माल." "मग मला का नाही सांगितलंत?" नवऱ्याने मागे वळून बघितलं. त्याला खरंच कळेना. "तुला संडास घासू दिलाय का मी कधी? हे घर घेतलं तेव्हापासून मीच घासतोय. आणि तुला कशाला सांगू?" कशाला सांगू! बाईंच्या अंगाची लाही झाली. या माणसाशेजारी आपण रोज जेवतो, त्याच्यासमोर पावाचा कडक काठ कालवणात बुडवून बुडवून खातो, परवा तोच काठ चावताना पुढच्या दाताचा टवका उडाला तेव्हा याने तो टवका तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला, "अगदी चुनखडीसारखा झालाय गं," असं म्हणाला, आणि पुढे काही नाही. चुनखडी कशाने विरघळते हे ज्याला कळतं, त्याला बायकोच्या तोंडातली चुनखडी कळू नये? पण हे अन्यायाचं होतं, आणि आपण अन्याय करतोय हेही त्यांना कळत होतं. रागाला पहिलं जे सापडतं त्याच्यावर तो बसतो, आणि या क्षणी हातात संडासाचा ब्रश घेतलेला नवरा सापडला होता. "घासा," त्या म्हणाल्या, "झाली तुमची दहा मिनिटं." त्याने ब्रश मारला. पिवळा थर पहिल्याच फटक्याला सुटला. खालचं भांडं पांढरंशुभ्र, जरासं खरखरीत. "बघ," तो म्हणाला. बाई बघत होत्या.

कारखान्यात त्यांना जीभबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर, आणि शेवटी त्या स्वतःच फोनवर सांगू लागल्या, "जीभबाई बोलतेय." सव्वीस वर्षं त्या कोल्ड्रिंकच्या कारखान्यात चव घ्यायच्या कामावर होत्या. यंत्रं सगळं मोजत, साखर किती, वायू किती, रंग किती. पण पिपाला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागलाय की नाही, हे सांगायला अजून माणसाचीच जीभ लागे, आणि ती यांच्याकडे होती. दर तासाला दोन बाटल्या टेबलावर येत, एकेका पट्ट्यावरून एक. घोट घ्यायचा, जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत फिरवायचा, दाढांच्या मागे न्यायचा, मनात वीस मोजायचे, थुंकायचं. इथवर सगळीकडे सारखंच असेल. पुढचं मात्र बाईंचं. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा त्यांनी पास केलेला माल बाजारातून परत आला होता, गाड्यांमागून गाड्या, आणि अंगणात उभ्या राहिलेल्या त्या गाड्या बघत सगळा कारखाना बाईंकडे बघत होता. पुठ्ठ्याचा वास होता मालाला. नाक असलेल्या कुणालाही आला असता, पण यांच्या तोंडात आधीच्या घोटाची साखर चिकटून राहिली होती आणि तिच्याखाली तो दडला. तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी कोऱ्या ब्रशचा नियम केला. कोरा म्हणजे पेस्ट न लावलेला, कारण पेस्टचा पुदिना जिभेला तासभर बधिर करून ठेवतो. थुंकलं की लगेच कोमट पाण्यात बुडवलेला कोरा ब्रश, दात, हिरड्या, जिभेच्या कडा, तीस फटके. मागच्या घोटाचा मागमूस राहता कामा नये. मग दुसरी बाटली, पुन्हा वीस, पुन्हा ब्रश. पाळीत सोळा वेळा. त्यानंतर एकही खराब बाटली या टेबलावरून पुढे गेली नाही. एकही. दुसऱ्या कारखान्यांतून माणसं बघायला येत, वह्या काढून लिहून घेत. नियम छापला गेला, चौकटीत बसला, भिंतीवर चढला, आणि खाली बारीक अक्षरांत 'बाईंचा नियम' असं आलं. ती चौकट बघितली की त्यांना आपण या जगात काहीतरी करून ठेवलंय असं वाटे. मुलगी सासरी गेली, सासू-सासरे गेले, नवरा नळांत रमला, पण भिंतीवर नियम होता. आणि तो संडास धुवायचा नियम होता!

साडी नेसताना त्यांनी आरशात ओठ वर उचलला. हल्ली त्या हे टाळत. पुढच्या चार दातांच्या कडा काचेसारख्या आरपार झाल्या होत्या, मागे जीभ नेली की तिची सावली दिसे. दाढांवर वाटीसारखे खळगे पडले होते. तीन महिन्यांपूर्वी त्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या तेव्हा तिने विचारलं होतं, "लिंबं चघळता का हो तुम्ही?" "छे, मुळीच नाही," यांनी ठसक्यात सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. लिंबू त्यांनी वर्षानुवर्षं तोंडात घातलं नव्हतं, जीभ बिघडते म्हणून. काम काय करता हे तिने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. उपचाराचा खर्च तिने मोठा सांगितला, म्हणून यांनी कारखान्याच्या दवाखान्यात चिठ्ठी मागितली; दवाखान्यातल्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारली, एक मिनिटसुद्धा नाही, आणि काल संध्याकाळी साहेबांनी तो कागद पुढे केला. टंकलेला. 'दातांची झीज ही अति जोराने व वारंवार दात घासण्याच्या वैयक्तिक सवयीमुळे झालेली असून तिचा कामाच्या स्वरूपाशी संबंध नाही, हे मला मान्य आहे.' खाली सहीपुरती रेघ. "उद्या दहाच्या आत द्या," साहेब म्हणाले होते, "सही झाली की फाईल बंद, तुम्ही आहात तिथंच. नाहीतर चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत टेबलापासून लांब राहावं लागतं. उगाच कशाला?" रात्री झोप नीट लागली होती, कारण तोवर तो एक साधा उर्मटपणा होता. वैयक्तिक सवय म्हणे! पण तेवढ्यावर टेबल सोडायचं? दोन-तीन वर्षं राहिली होती नोकरीची. सकाळी पर्समध्ये पेन आहे का हे त्यांनी पाहिलंही होतं. मग संडासाचं दार उघडं दिसलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि तोंडावर वारा आला तसा त्यांनी ओठ घट्ट मिटला. दातांना वारासुद्धा बोचे. समोरच्या बाकावर एक आई मांडीवरच्या लेकराला बाटली पाजत होती, दुधाची बाटली, वर निपल, आणि आत काळं कोल्ड्रिंक. लेकरू चोखत चोखत पेंगत होतं. तोंडात निपल तसंच, गोड आंबट थेंब थेंब दुधाच्या दातांवर. "अहो, झोपेत नका देऊ," बाईंच्या तोंडून निघून गेलं. आईने वर बघितलं. "दूध पीतच नाही तो. याच्यावर गप्प राहतो." "दात जातील त्याचे." "पडायचेच आहेत की ते दात," ती म्हणाली, आणि बाजूच्या दोघी हसल्या. बाई कुणाच्या तोंडाने बोलणार? आयुष्यभर त्या दुसऱ्या बाजूने बोलत आल्या होत्या. कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीला एक उंटावरचा शहाणा भेटायचाच: तुमच्या त्या कोल्ड्रिंकमध्ये रात्रभर खिळा टाकला तर विरघळतो म्हणे. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. आंबटपणाचा आकडा त्यांना झोपेतही येई. पाण्याचा सात, आकडा जितका खाली तितकं आम्ल तेज, आमचा अडीच, लिंबाचाही साधारण तेवढाच, आणि तुमच्या पोटातलं आम्ल या दोघांपेक्षा जहाल, तर मग पोट विरघळतं का? आणि शेवटचा टोला: "खिळा तोंडात ठेवून झोपता का तुम्ही?" सगळे हसत. शहाणा बसून जाई. किती वेळा हसवलं होतं त्यांनी! खिळा कुणी तोंडात ठेवून झोपत नाही, खरं आहे. पण दात तोंडातच झोपतात. एवढी साधी गोष्ट. आकडा पाठ, उत्तर पाठ, टोला पाठ, आणि मधे एक तोंड आहे, त्यात बत्तीस दात आहेत, ते पोटासारखे आतून अस्तर लावलेले नाहीत, हे सव्वीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. अक्कल कुठे चरायला गेली होती? की अक्कल होती, पण त्या चौकटीमागे झाकली गेली होती? मागच्या सीटवर कुणीतरी कुरकुरीत काहीतरी चावत होतं. त्या आवाजानेही त्यांचे दात शिवशिवले आणि नसता संताप आला, त्या चावणाऱ्याच्या धडधाकट दातांचा.

वैयक्तिक सवय. हे दोन शब्द काल वाचले तेव्हापासून कुठेतरी टोचत होते, आणि बाईंना वाटत होतं ते अपमानाने. बस वळणावर तिरकी झाली, पर्स मांडीवरून सरकली, त्यांनी ती धरली आणि एकदम त्यांना कळलं की हे शब्द डॉक्टरचे नाहीत. हे आपले आहेत. नऊ वर्षांपूर्वी आपण आपल्या हाताने, निळ्या शाईने लिहिलेले. ठसकासाठी. ठसका टेबलावर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसे. पहिल्याच दिवशी वायूने तिला असा ठसका लागला की नाव पडलं ते पडलंच. पण जीभ तिची फार चांगली होती, खरं तर बाईंपेक्षा कणभर चांगलीच, आणि हे दोघींनाही माहीत होतं. डबा एकत्र, चहा एकत्र, एकमेकींच्या साड्या एकमेकींच्या अंगावर. मग तिचे दात दुखू लागले. दुपारच्या सुट्टीत गाल धरून बसे. रजा मागितली, नाही मिळाली; दुसरं काम मागितलं, साहेब लोकांपुढे दातांच्या कण्या केल्या, तेव्हा दवाखान्याने विचारलं, टेबलप्रमुखाचं म्हणणं काय? आणि टेबलप्रमुखाने लिहून दिलं: 'सदर कर्मचारी अति जोराने दात घासतात. ही त्यांची वैयक्तिक सवय आहे.' खोटं नव्हतं ते. ठसका खरंच जोराने घासायची. जिवाच्या आकांताने घासायची, कारण नियमात तीस फटके होते आणि तीस फटके मनापासून मारायचे हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. ती गेली. जाताना बोलली नाही. तिचं टेबलावरचं पाणी पिण्याचं भांडं बरेच दिवस तसंच पडून होतं, मग कुणीतरी त्यात पेनं ठेवली. आणि डॉक्टरने आता काय केलं होतं? नवीन वाक्य लिहायचेही कष्ट घेतले नव्हते. जुन्या फाईलमधलं उचललं, वर बाईंचं नाव घातलं. बाईंना संताप करायचा होता, डॉक्टरचा, साहेबांचा, कारखान्याचा, आणि होतही होता, नुसता धगधगत होता. पण तो ज्याच्या दारात जाई त्याच्या दारात आधीच यांची चप्पल काढलेली दिसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेब दर्जा विभागाचे, वयाने यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ. "या बाई. चहा सांगू?" "नको." "झाली सही?" बाई बसल्या नाहीत. "साहेब, तुम्ही कधी संडास धुतलाय?" साहेबांचा हात फोनपर्यंत गेलेला तिथेच थांबला. "काय म्हणालात?" "संडास. घरचा. आपलं कोल्ड्रिंक घालून. सगळे धुतात, आपल्या कामगारांत विचारा, मुदत संपलेल्या बाटल्या घरी नेतात त्या काय पाहुण्यांना द्यायला? ओततात, थांबतात, थर मऊ झाला की ब्रश. आम्ही इथं काय करतो? तोंडात धरतो, वीस मोजतो, दात मऊ झाले की ब्रश. पाळीत सोळा वेळा. मी एकोणीस वर्षं." साहेब खुर्चीत मागे रेलले. "हे तुमचं घरगुती निरीक्षण झालं, बाई." "मग मला कशाला ठेवलंय? निरीक्षणालाच ना?" "तसं नव्हे. पण लाखो लोक पितात. सगळ्यांचे दात जातात का?" "पितात आणि गिळतात. त्याचंही बरं होत नाही कुणाचं, पण ते तोंडात धरून वीस मोजत नाहीत, आणि खिशात ब्रश घेऊन हिंडत नाहीत." साहेबांनी टेबलावरचा कागदभार उचलून दुसरीकडे ठेवला. मग अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "बाई, ब्रशचा नियम कंपनीचा नाही. तुमचा आहे. कंपनीने कुणालाही दात घासा असं सांगितलेलं नाही. बघा कुठल्याही कागदावर." हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं! निदान एवढं माहीत होतं की असं काही विचारलं जाईल. "चौकट कुणी केली?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बाहेर टंकलेखिकेपर्यंत गेला. "भिंतीवर कुणी लावली? लोकांना आणून आणून कुणी दाखवली? माल परत येईनासा झाला तेव्हा नियम कारखान्याचा, आणि दात पडायला लागले की माझा?" "ओरडू नका." "मला ओरडताही येत नाही साहेब, वारा लागतो दातांना!" साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "दहाला टेबल आहे. सही नसेल तर तुम्हाला बसता येणार नाही. मला इलाज नाही." बाईंनी त्यांच्याच टेबलावर कागद पसरला, पर्समधून पेन काढलं आणि त्या टंकलेल्या वाक्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: 'ही सवय नाही. हा नियम आहे. तो मी केला, कारखान्याने भिंतीवर लावला आणि टेबलावरच्या सगळ्यांनी पाळला. आम्लाने दात मऊ होतात, त्यावर लगेच ब्रश मारू नये, मधे बराच वेळ जाऊ द्यावा, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही.' अक्षर वळणदार आलं. वाचून त्यांना बरं वाटलं. विशेषतः शेवटचं वाक्य. त्यात सगळ्यांना एक एक चपराक होती. सही करायच्या आधी दहाचा भोंगा झाला, आणि कागद तसाच हातात घेऊन त्या निघाल्या. "अहो बाई," म्हणत साहेब मागे.

टेबलावर चौघं बसली होती, पांढरे कोट, समोर पेले, बेसिनपाशी चार ब्रश कोमट पाण्यात डोकं बुडवून. बाई आत आल्या तेव्हा चौघांच्याही तोंडात घोट होता. डोळे मिटलेले, गाल हलताहेत, मनात आकडे. घोट तोंडात असताना मान वर करायची नाही ही शिस्तही बाईंचीच. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनातही आपोआप आकडे सुरू झाले, सात, आठ, नऊ; प्रत्येक आकड्याला तो थर भिजतोय, मऊ होतोय. वीस. चौघांनी थुंकलं. चार हात एकदम ब्रशकडे गेले. "ठेवा ते," बाई म्हणाल्या. कुणी ठेवलं नाही. हात हवेत, चेहरे गोंधळलेले; कारण बाईंचंच म्हणणं बाईंनी मोडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ब्रश खाली ठेवा म्हणते ना! पाण्याने चूळ भरा आणि गप्प बसा. आजपासून ब्रश नाही." मग त्यांनी सांगितलं. संडास, भिजवण, ब्रश, आपल्या तोंडातला टवका. ओठ वर करून दाखवला, साहेबांदेखत. चौघांपैकी एकाने नकळत जीभ आपल्या पुढच्या दातांमागे नेली, आणि मग एकेक करून सगळ्यांच्याच जिभा आत चाचपडायला लागल्या; गालांवरून दिसत होतं. फक्त जुळ्यांची आई हलली नाही. ती या टेबलावर बाईंच्या खालोखाल जुनी, अकरा वर्षांची; कारखान्यात आली तेव्हा मुलं कडेवर होती म्हणून हे नाव. तिने ब्रश पाण्यात परत ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "मग बाई, ठसकाचं काय?" "काय म्हणजे?" "तिला सांगितलंत?" "नंबर नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे," ती म्हणाली, आणि बाईंना विचारल्याशिवायच तिने टेबलावरच्या फोनचे आकडे फिरवले, पाठ असल्यासारखे. म्हणजे ही तिच्याशी बोलते. नऊ वर्षं बोलते, आणि आपल्याला पत्ता नाही. तिने फोन बाईंच्या हातात दिला.

"हॅलो? कोण?" आवाज तोच, पण शब्दांच्या कडा कापलेल्या, स चा उच्चार फुसकन जात होता. पुढचे दात नसलेल्या माणसाचा आवाज. "मी," बाई म्हणाल्या. "मी कोण?" "अगं मी. टेबलावरून." पलीकडून एक ठसका, कोरडा. "बोल." बाई बोलल्या. भराभर बोलल्या, चौघांना सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने. नवरा, भांडं, थर, ब्रश. "आज सकाळी कळलं गं. आज सकाळी. तुझं काही चुकलं नव्हतं. नियमच तसा होता." बाईंना वाटलं, ती रडत असेल. "आज कळलं?" ठसका म्हणाली. रडत वगैरे नव्हती. "मी तुला सांगितलं होतं की. बेसिनपाशी. मी म्हटलं, ज्या दिवशी मी ब्रश चुकवते त्या दिवशी ठणका कमी असतो, बघ काहीतरी आहे यात. आठवतं?" बाईंना आठवत नव्हतं. मग आठवलं. बेसिन, वाहता नळ, गालावर हात धरलेली ठसका, आणि आपण रुमालाला तोंड पुसत आरशातूनच, तिच्याकडे वळूनही न बघता म्हणालो होतो, "आळशांना ठणका नेहमीच कमी असतो." शेजारी कुणीतरी हसलंही होतं. "आठवतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला पटलंय पण तू चौकट वाचवतेस. नऊ वर्षं मी तुला लबाड म्हणत आले. लबाड माणसाला निदान कळत तरी असतं. तुला तर मी तोंडावर सांगितलं, आणि तू ऐकलंच नाहीस?" "माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "मला माफ कर." "ते ठेव तुझ्यापाशी. मला काय करायचंय त्याचं? त्याने काही परत उगवणार आहेत का? तुला काही कागद दिलाय का सहीला?" "दिलाय. मी खोडून खाली लिहिलंय सगळं. नियम माझा होता म्हणून." "काय लिहिलंयस, वाच." बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. साहेब दाराशी, चौघं समोर. त्यांनी वाचायला सुरुवात केली. सवय नाही, नियम आहे, तो मी केला. आवाज बरा लागला होता. मधे बराच वेळ जाऊ द्यावा हे आम्हाला. तिथे आवाज अडला.

"पुढे?" ठसका म्हणाली.

बाईंनी पेन तोंडाशी नेलं. पेनाचं टोपण दातांनी काढायची जुनी सवय, ते दाताला लागलं आणि कळ मस्तकात गेली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. "थांब," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस." 'हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही' हे शेवटचे शब्द, ज्यांत सगळ्यांना चपराक होती, ते त्यांनी खोडले. एकदा खोडून वाचता येत होते म्हणून पुन्हा खोडले. "बाई, अहो, आता जे काय ते नंतर शांतपणे," साहेब पुढे येत म्हणाले, आणि जुळ्यांची आई त्यांच्या वाटेत खुर्ची घेऊन बसली. "लिहितेयस का?" फोनमधून आलं. "लिहितेय." "मोठ्याने लिही. मला ऐकू दे. आणि माझं पुरं नाव घाल, ठसका नको." बाईंनी पुरं नाव घातलं. एकेक शब्द उच्चारत, लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसं, त्यांनी लिहिलं, "हिने मला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. उलट तिच्याविरुद्ध लिहून दिलं."

पलीकडे श्वास ऐकू येत होता, दातांच्या फटींतून जाणारा.

"हं," ती म्हणाली. "आता कर सही."